कँटरबरीचा वाटून गेलेला वाडा

विलायतेस निघण्यापूर्वीं घरच्या मंडळींना मीं जीं चित्रें दाखविलीं, त्यांत कँटरबरी येथील प्रसिद्ध कॅथीड्रलचें एक होतें. आमच्या आत्याबाईंनीं चष्मा पुसून तें बराच वेळ न्याहाळलें आणि विचारलें, "देऊळ मोठें नामी आहे रे! पण एवढ्या देवळाचीं माणसें राहत होतीं कुठें? त्यांची चूल कांहीं दिसत नाहीं यांत." "असेल मागें कोठेंतरी," असें म्हणून मीं वेळ मारून नेली, परंतु तो प्रश्न माझ्याबरोबरच विमानांत चढला. पुढें लंडनहून आगगाडीनें कँटरबरीस उतरलों, गांवांतील अरुंद गल्ल्यांतून चालत देवळाच्या वेशीपाशीं आलों, आणि समोर तो उत्तुंग मनोरा दिसूं लागला. बरोबरचे सारे प्रवासी माना वर करून पाहत असतां मी मात्र चूल शोधीत होतों, असें सांगितल्यास वाचकांनीं हसूं नये.

ख्रिस्ती धर्माध्यक्षाचें जेथें पीठ असतें त्या मुख्य देवळास कॅथीड्रल म्हणतात. अशा देवळाची व्यवस्था युरोपांत बहुतेक ठिकाणीं आपापलीं बिऱ्हाडें करून राहणाऱ्या धर्माधिकाऱ्यांकडे असे. इंग्लंडांत मात्र एक निराळीच पद्धत रुजली. कँटरबरी, डरहॅम, विंचेस्टर, ईली, नॉर्विच, वूस्टर इत्यादि ठिकाणीं मुख्य देवळालाच मठ जोडलेला होता, आणि संत बेनेडिक्टच्या नियमानें वागणारे भिक्षू तेथें राहून देवळाची सेवा करीत. धर्माध्यक्ष हा नांवाचा मठाधिपति. रोजचा कारभार 'प्रायर' या पदावरील भिक्षूच्या हातीं. ५९७ सालीं रोमहून ऑगस्टिन आला तेव्हांपासून कँटरबरीचें माहात्म्य आहे. परंतु ज्या मठाविषयीं येथें सांगावयाचें आहे तो नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यानंतरचा. १०६७ च्या आगींत जुनें देऊळ जळालें, आणि १०७० सालीं आर्चबिशप झालेल्या लॅनफ्रँक यानें देऊळ व मठ हीं दोन्हीं नव्यानें उभारलीं. देव आणि देवाचीं माणसें यांची सोय त्यानें एकाच वेळीं केली हें मला विशेष वाटतें.

त्या घराची रीत कशी होती? कोणाही भिक्षूची स्वतःची म्हणून एकही वस्तु असावयाची नाहीं, लेखणीसुद्धां नाहीं. सर्वांनीं एकाच दालनांत, अंगावरच्या कपड्यांनिशीं निजावयाचें. दालनांत रात्रभर दिवा तेवत ठेवावयाचा. जेवतांना एकानें मोठ्यानें ग्रंथ वाचावयाचा व बाकीच्यांनीं मुकाट्यानें ऐकावयाचें. भूक तर बोलल्यावांचून भागत नाहीं. म्हणून हातांच्या खुणा ठरलेल्या होत्या. अकराव्या शतकांतील अशा सव्वाशेंहून अधिक खुणांची एक यादी जुन्या इंग्रजी भाषेंत उपलब्ध आहे आणि ती कँटरबरीच्याच मठांतली असावी असें विद्वानांचें मत आहे. मासा हवा असेल तर माशाच्या शेपटीसारखा हात हलवावयाचा, अशा त्या खुणा. लॅनफ्रँकनें घालून दिलेल्या नियमांत एक मजेदार कलम आहे. उपवासाच्या चाळीस दिवसांच्या आरंभीं प्रत्येक भिक्षूस वर्षभर वाचण्याकरितां एकेक पुस्तक मिळे. पुढील वर्षीं तें परत करण्याच्या वेळीं ज्याचें वाचून झालें नसेल त्यानें सर्वांसमक्ष साष्टांग लोटांगण घालून क्षमा मागावयाची. आमच्या घरीं वाचनालयाचीं पुस्तकें ज्या स्थितींत पडून असतात ती पाहतां, हा नियम आपल्याकडे चालू झाला तर किती लोटांगणें घालावीं लागतील याचा मीं मनांत हिशेब केला व तो अर्ध्यावरच सोडून दिला.

आतां मुख्य गोष्ट. हें घर आज नाहीं. परंतु त्याचें चित्र आहे, आणि तेंही त्याच घरांतील माणसानें काढलेलें. बाराव्या शतकाच्या मध्यास वायबर्ट नांवाचा प्रायर येथें होऊन गेला. तो ११६७ सालीं वारला. त्यानें मठांत नळाचें पाणी आणलें. त्या पाण्याचा सविस्तर नकाशा मठांत तयार झालेल्या एका मोठ्या स्तोत्रसंग्रहाच्या शेवटीं दोन पानें व्यापून काढलेला आहे. 'एडविनचा स्तोत्रसंग्रह' या नांवानें ओळखलें जाणारें हें हस्तलिखित सध्यां केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत आहे. देवाच्या स्तोत्रांच्या पोथींत गटारांचा नकाशा! पण जरा विचार केला म्हणजे कळतें कीं, जी वस्तु हरवूं नये असें वाटे ती त्या लोकांनीं पोथींत ठेवली.

नकाशा म्हटला तरी आजच्या इंजिनिअरचा कागद डोळ्यांपुढें आणूं नये. लहान मुलें चौकाचें चित्र काढतांना चारी बाजूंचीं घरें जशीं बाहेरच्या अंगास आडवीं पाडतात, तशी येथली तऱ्हा आहे. छपरें, कमानी, कौलें, दरवाजांचे बिजागर, सारें हौसेनें रेखाटलें आहे. आणि या सर्वांमधून रंगीत रेषांनीं शिशाचे नळ धांवतात. गांवकुसाबाहेर मैलाच्या आंतबाहेर असलेल्या झऱ्यांचें पाणी एका घुमटींत घेतलें होतें. तेथून तें शेतें, फळबाग आणि द्राक्षांचा मळा यांच्या बाजूनें येई. गाळ खालीं बसावा म्हणून वाटेंत एकामागून एक असे पांच हौद. मग शहराच्या तटाखालून आंत. मग हात-तोंड धुण्याचीं कारंजीं, स्वयंपाकघर, भटारखाना, मद्य गाळण्याचें घर, स्नानगृह, माशांचें तळें. शेवटीं वापरून उरलेलें पाणी आणि छपरांवरून उतरलेलें पावसाचें पाणी एका मोठ्या गटारांत सोडून तें शौचकूपांखालून नेलें होतें. एकच पाणी पवित्र कामापासून अपवित्र कामापर्यंत क्रमानें उतरत जातें. आमच्या सोंवळ्याओंवळ्याच्या कल्पनेंत वाढलेल्या माणसास ही मांडणी समजावून सांगावी लागत नाहीं.

खरी गोडी त्या नकाशांतील बारीक लॅटिन अक्षरांत आहे. ज्या खिडकींतून वाढप बाहेर दिलें जाई ती खिडकी दाखविली आहे. जिच्यांतून उष्टीं ताटें धुण्यासाठीं बाहेर टाकीत तीही दाखविली आहे. मासे धुण्याची खोली निराळी. शिसें वितळविण्याची खोली निराळी, कारण नळ म्हटला कीं गळती आलीच. एका विहिरीपाशीं एक पोकळ खांब काढला असून त्याशेजारीं सूचना लिहिली आहे: नळाचें पाणी बंद पडलें तर विहिरीचें पाणी शेंदून या खांबांत ओतावें, म्हणजे तें सर्व कोठ्यांना पोंचेल. साडेआठशें वर्षांपूर्वींच्या कोण्या कारभाऱ्यानें, आपण नसतांना घरचीं माणसें अडूं नयेत म्हणून लिहून ठेवलेली ही चिठ्ठीच होय. ती वाचतांना मला माझ्या आजोबांची आठवण झाली. विहिरीच्या रहाटाचा दोर कोठें मिळतो, न्हाणीघराची मोरी तुंबली तर कोणत्या फरशीखालीं हात घालावा, हें सारें त्यांनीं जमाखर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलें होतें.

हा नकाशा हातीं धरून कँटरबरीच्या भिंतींचा कसून तपास करणारा पहिला मोठा संशोधक म्हणजे केंब्रिजचा प्रोफेसर रॉबर्ट विलिस. हा यंत्रशास्त्राचा अध्यापक. त्याचें मठाच्या इमारतींवरील पुस्तक १८६९ सालीं निघालें. त्यानें दिलेलीं मापें पाहिलीं म्हणजे त्या घराचा पसारा ध्यानांत येतो. देवळाच्या उत्तरेस चौसोपी चौक होता. त्याच्या पूर्वेस, तळघराच्या कमानींवर उचललेलें मोठें शयनगृह. लांबी सुमारें १४८ फूट आणि रुंदी ७८ फूट. त्याच्या एका कोपऱ्याकडून शौचगृहांत जाण्याची वाट. हें शौचगृह १४५ फूट लांब, २५ फूट रुंद, आणि त्यांत पंचावन्न बैठका! चौकाच्या उत्तरेस, देवळापासून होईल तितकें दूर, भोजनगृह. अन्नाचा वास व भांड्यांचा आवाज देवापर्यंत जाऊं नये हा हेतु. त्याच्या पलीकडे आत्याबाईंची चूल: सत्तेचाळीस फूट चौरस मुदपाकखाना, वर मनोऱ्यासारखें निमुळतें छप्पर. पूर्वेकडे आजारी व वृद्ध भिक्षूंसाठीं रुग्णशाला. तिला स्वतःचा चौक, स्वतःचें स्वयंपाकघर आणि स्वतःचें छोटें देऊळ. ज्यांना मोठ्या देवळापर्यंत चालवत नसे त्यांच्या उशापाशींच देव आणून ठेवला होता. या योजनेपुढें मीं मनोमन हात जोडले.

पाहुण्यांच्या व्यवस्थेविषयीं मात्र तितकें आदरानें बोलवत नाहीं. बेनेडिक्टची आज्ञा अशी कीं, दारीं आलेला पाहुणा म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्तच आला असें समजावें, आणि गरिबाची काळजी अधिक घ्यावी. कँटरबरीस मात्र ख्रिस्त तीन प्रतींचा येई! सरदार, राजे आणि मोठे धर्माधिकारी यांची सोय प्रायरच्या वाड्यांत, देवळाच्या सर्वांत पवित्र भागाजवळ; मध्यम स्थितींतील लोक पश्चिमेकडे कोठीवाल्याच्या इमारतींत; आणि गोरगरीब यात्रेकरू वेशीला लागून असलेल्या उत्तरेकडच्या दालनांत, म्हणजे बाकीच्या दोन्ही पंक्तींपासून शक्य तितक्या दूर. पंक्तिभेद ही कांहीं केवळ आपलीच मिरास नव्हे. ११७० च्या डिसेंबरांत आर्चबिशप टॉमस बेकेट याचा देवळांतच खून झाला. ११७३ सालीं त्यास संतपद मिळालें, आणि कँटरबरीस यात्रेकरूंची रीघ लागली. त्या गोरगरिबांच्या दालनाकडे चढणारा कोरीव कमानींचा नॉर्मन जिना आजही हिरवळीच्या चौकाच्या कोपऱ्यांत उभा आहे. ज्या दालनाकडे तो नेत असे तें मूळ दालन मात्र गेलें. सरदारांसाठीं असलेल्या कित्येक भिंती मातीस मिळाल्या आणि भिकाऱ्यांचा जिना टिकला, हें पाहून मला बरें वाटलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

एवढें घर गेलें कसें? आगींनीं म्हणावें, तर ५ सप्टेंबर ११७४ च्या मोठ्या आगींत देवळाचा पूर्वभाग जळाला तेव्हां रुग्णशालेलाही झळ लागली होती. त्या दिवसाची हकीकत जर्व्हास नांवाच्या भिक्षूनें लिहून ठेवली आहे. परंतु त्या आगीनंतर मठ पुन्हां सावरला. पुढें १३९१ पासून प्रायर असलेल्या टॉमस चिलेंडन यानें तर चौक, देवळाचा मोठा भाग, आणि वायबर्टच्या जलमंदिराचा वरचा मजला नव्यानें बांधला. घर मोडलें तें आगीनें नव्हे. आठव्या हेन्री राजानें इंग्लंडांतील मठ बरखास्त केले. १५३८ सालीं बेकेटची समाधि उद्ध्वस्त झाली आणि १५४० सालीं कँटरबरीचा मठ संपला. कांहीं भिक्षू नव्या व्यवस्थेंत सामावले गेले, बाकीच्यांना वेतन बांधून देऊन निरोप मिळाला. १५४१ सालीं नवी व्यवस्था झाली: एक डीन व बारा कॅनन. देवळास मालक मिळाला, म्हणून देऊळ वांचलें. पण शंभर माणसांनीं एकत्र निजण्याच्या दालनाचें, एकत्र जेवण्याच्या दालनाचें या बारा जणांनीं काय करावें?

त्यांनीं वाटणी केली. येथवर मी नकाशा पाहत प्रवाशाच्या कुतूहलानें हिंडत होतों. हें वाचलें आणि पाय जड झाले. कोणाकडे कोणती खोली, कोणाची हद्द कोणत्या दरवाजापर्यंत, कोणाच्या वांट्यास कोणती बाग, असें ठरविणारें त्या शतकांतलें वाटपाचें टिपणही शिल्लक आहे. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरांतील लोखंडी पेटींत असा कागद असतो, आणि तो कसा वाचला जातो हें आपण जाणतों. नव्या राजवटींत १५४९ सालीं धर्माधिकाऱ्यांना लग्नाची मोकळीक मिळाली. पुढें मेरी राणीनें ती काढून घेतली, पण एलिझाबेथच्या कारकीर्दींत लग्नें पुन्हां होऊं लागलीं, आणि जेथें कधीं पोराचें रडणें ऐकूं आलें नव्हतें तेथें पाळणे हलूं लागले. संसार म्हटला कीं वेगळी चूल आली, वेगळें परसूं आलें. मोठ्या दालनांत आडव्या भिंती पडल्या, माळे चढले, कमानींत खिडक्या बसल्या. जें कोणाच्याच उपयोगाचें नव्हतें तें पाडून त्याचा दगड भिंतींना लागला. अवाढव्य मुदपाकखाना बारा चुलींपुढें निरुपयोगी ठरला. शिसें वितळविण्याची खोली मठानें गळती थांबविण्यासाठीं ठेवली होती. हेन्रीच्या माणसांनीं देशांतल्या कित्येक मठांचीं छपरें उतरवून तेंच शिसें पैशासाठीं वितळविलें.

यांत कॅननांस दोष देण्याचें मला धैर्य होत नाहीं. त्यांना घरें हवीं होतीं. इतकेंच नव्हे, तर जें वांचलें तेंही पुष्कळसें त्यांच्या संसारांमुळेंच. रुग्णशालेची गोष्ट पाहा. तिच्या लांबलचक दालनाचें छप्पर गेलें. पण एका बाजूचे खांब व कमानी नव्या घरांच्या भिंतींत बसवून टाकल्या गेल्या. तीनशें वर्षें त्या तेथें बुजून होत्या. त्यांच्या आधारानें शेगड्या पेटल्या, कपाटें उभीं राहिलीं, मुलें वाढलीं. एकोणिसाव्या शतकांत तीं घरें काढून टाकलीं तेव्हां त्या नॉर्मन कमानी पुन्हां उजेडांत आल्या. आज आपण त्यांच्या रांगेखालून चालत जातों. वर आभाळ, खालीं हिरवळ. वाटसरू त्यांस 'मठाचे अवशेष' म्हणून नमस्कार करतात, पण ज्या संसारांनीं त्या सांभाळल्या त्यांचा मागमूसही तेथें ठेवलेला नाहीं, हें मला जरा खटकलें.

शयनगृहाच्या नशिबीं याहून अधिक फेरे होते. त्याच्या तळघराचे थोडे खांब राहिले. त्या जागेच्या कांहीं भागावर पुढें ग्रंथालय उभें राहिलें. १९४२ च्या जूनच्या आरंभीं जर्मन विमानांच्या हल्ल्यांत तें उद्ध्वस्त झालें, आणि युद्धानंतर पुन्हां बांधण्यांत आलें. उपवासाच्या आरंभीं पुस्तकें वाटून घेणारे भिक्षू जेथें निजत तेथें आतां पुस्तकें आहेत, एवढा सांधा काळानें जुळवून दिला आहे.

दुसरीकडे काय झालें तें थोडक्यांत सांगतों. विंचेस्टरचा चौक सोळाव्या शतकांत पाडला गेला. वूस्टरचें पाहुण्यांचें दालन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तग धरून होतें, पण तेंही उतरवलें. त्याचें लांकडी छप्पर तेवढें आज एका संग्रहालयांत पाहावयास मिळतें. डरहॅमचें दैव बरें. तेथलें १४०० च्या सुमाराचें शयनगृह ओकच्या तुळयांसह शाबूत असून चौदाव्या शतकांतला मुदपाकखानाही उभा आहे. शिवाय डरहॅमला एक साक्षीदार लाभला. मठ मोडल्यावर अर्धशतक उलटून गेलें असतां, १५९३ सालीं, कोणा अनामिकानें जुन्या दिवसांच्या सर्व चालीरीति लिहून काढल्या. शयनगृहांत लांकडी आडभिंती घालून प्रत्येकाची खोली कशी केली होती, प्रत्येकीस खिडकी व लिहिण्याचें मेज कसें होतें, हें तो मोठ्या मायेनें सांगतो. त्या पुस्तकांत राजाविरुद्ध तक्रारीचा फारसा सूर नाहीं. दिवा कोठें जळत असे, कोण कोठें बसे, याचीच उजळणी आहे.

संध्याकाळीं मी हिरवळीच्या चौकांत आलों. मठाच्या जागेंत आतां किंग्ज स्कूल ही शाळा नांदते. पोरें पुस्तकें काखेस मारून त्या नॉर्मन जिन्यावरून धडधडत उतरत होतीं. तेथून मागें वळून वायबर्टच्या जलमंदिरापाशीं गेलों. खालच्या कमानी त्याच्या काळच्या, वरचें काम चिलेंडनचें. निजण्याच्या दालनांतून देवळाकडे जातांना भिक्षू येथें हात-तोंड धूत. सारें घर गेलें, आणि तोंड धुण्याची जागा तेवढी जागच्या जागीं उभी आहे. भोजनगृहाच्या बाजूस चौकाची भिंत व तींतील दरवाजा अजून आहे. दरवाजापलीकडे तीं पानें, ती पंगत आणि तो वाचणारा मात्र नाहीं. मुदपाकखान्याच्या जागीं ओळखूं यावें असें ना छप्पर, ना धुराडें.

परत आल्यावर आत्याबाईंना मीं हें सारें यथाक्रम सांगितलें. चूल सत्तेचाळीस फूट चौरस घरांत होती हें ऐकून त्यांना समाधान वाटलें; वाटणीचें ऐकतांना त्या कांहीं बोलल्या नाहींत. उष्टीं ताटें बाहेर टाकण्याच्या खिडकीची हकीकत त्यांनीं दोनदां सांगावयास लाविली. मग बऱ्याच वेळानें, वाती वळतां वळतां, मान वर न करतां त्यांनीं विचारलें, "आणि तीं ताटें रे? वाटणींत तीं कुणाकडे गेलीं?"

हें मात्र मीं तेथें कोणालाच विचारलें नव्हतें.